दरीचा ताळेबंद

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ‘ग्रँड कॅनियन’ला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच वेळ घालवला. ‘घळ’ म्हणावे तर ती फार लहान वाटते, आणि ‘दरी’ म्हटले की डोळ्यांपुढे हिरवी झाडी येते. कन्नडमधील ‘कमरी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. कोलोरॅडो नदीने वाळवंटी पठारात कोरून काढलेली ही भेग ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. दक्षिण काठावरून उत्तर काठ समोर दिसतो, पण मोटारीने तिथे पोहोचायला सुमारे ३४५ किलोमीटरांचा वळसा पडतो. पायी मात्र ३४ किलोमीटर. सोयीसाठी मी पुढे दरीच म्हणतो.

मेक्सिकोच्या सीमेपासून युटा राज्याच्या सीमेपर्यंत जाणारी ‘ॲरिझोना ट्रेल’ ही सुमारे १,२९० किलोमीटरांची पायवाट याच दरीतून जाते. डेल शेवॉल्टर नावाच्या एका शिक्षकाने १९८५ मध्ये राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालून तिची कल्पना मांडली. दक्षिणेकडून निघालेले पायी प्रवासी दरीपाशी येतात तेव्हा हजारावर किलोमीटर चाललेले असतात. दरीच्या तळाशी मुक्काम करायला परवाना लागतो आणि जागा थोड्या. म्हणून पुष्कळजण एका दिवसात दरी ओलांडायचे ठरवतात. नवरा-बायको मिळून ही वाट चालणारेही असतात. अशा एखाद्या जोडप्याचा हा दिवस आपण हिशेबाच्या वहीत मांडून पाहू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला दुसरे येते तरी काय!

आपण गड चढतो तेव्हा कष्ट आधी असतात. दम लागला तर माणूस अर्ध्यावरून परततो, आणि परतीची वाट उताराची असते. इथे सगळे उलटे. पहाटेच्या गारव्यात, ताज्या पायांनी, माणूस खाली उतरत जातो. म्हणजे तो उधारीवर चालतो. दक्षिणेची वाट सुमारे ७,२६० फुटांवर सुरू होते, नदीवरचा पूल सुमारे २,४८० फुटांवर आहे आणि उत्तरेची वाट ८,२४१ फुटांवर संपते. घेतले ४,७८० फूट, फेडायचे ५,७६० फूट. वीस टक्के व्याज झाले! आणि तेही दुपारच्या उन्हात, कारण जितके खाली जावे तितकी हवा तापत जाते. काठावर आल्हाददायक वाटणाऱ्या दिवशी तळाशी पारा चाळिशीकडे जाऊ शकतो.

रोज तीस-पस्तीस किलोमीटर चालणाऱ्यांना ३४ हा आकडा नेहमीसारखाच वाटतो. मला वाटते, फसगत इथेच होते. आकडा तोच, पण खाते वेगळे.

दक्षिणेच्या उतारावर पाणी मिळत नाही. तळाशी पोहोचल्यावर नदीवर १९२८ साली बांधलेला काळा झुलता पूल लागतो. त्याचे आठ मुख्य तारदोर, प्रत्येकी सुमारे टनभर वजनाचे, माणसांनी रांगेने खांद्यावर घेऊन वरून खाली आणले. त्यांतले बरेचजण याच दरीत पिढ्यान् पिढ्या राहणारे हावासुपाई लोक होते. पूल ओलांडताना त्यांची आठवण किती प्रवाशांना होत असेल कोण जाणे.

पुलापलीकडे फँटम रँचची वस्ती, आणि तिच्यावर काही किलोमीटर अरुंद खिंड. दोन्ही बाजूंच्या काळ्या कातळभिंती उन्हाने तापतात आणि भट्टीसारखी धग परत फेकतात. म्हणून ही खिंड सकाळी दहाच्या आत ओलांडावी, नाहीतर सावलीत थांबून चार वाजल्यानंतर निघावे. पाणी भरपूर प्यावे हे सगळे जाणतात, पण नुसतेच पाणी पीत राहिले तर घामातून गेलेले मीठ भरून येत नाही. रक्तातील क्षार विरळ होतात, मळमळते, डोके भरकटते. याची लक्षणे उष्माघातासारखी दिसू शकतात, मग सोबती आणखी पाणी पाजतो आणि दुखणे वाढते. म्हणून दर घोटामागे काही खारे खाणे हे पाण्याइतकेच महत्त्वाचे.

इथे जोडपे असण्याला अर्थ येतो. स्वतःचे डोके भरकटले हे स्वतःला कळत नाही, सोबत्याला कळते. भागीदारीत एकाने केलेल्या कर्जाला दुसराही जबाबदार असतो, हे आम्ही १९३२ च्या कायद्यात पाठ करतो. दरीत ते पायाला कळते. दोघांपैकी जो दमेल त्याची चाल ती दोघांची चाल. दमणारा तो असेल की ती, हे आधी सांगता येत नाही. ‘तू हळू ये, मी वर थांबतो’ हे वाक्य सपाटीवर प्रेमाचे, इथे धोक्याचे. आणि परत फिरायचे तर तो विचार पुलापाशीच व्हायला हवा. पुढे जाण्याइतकेच मागे फिरणेही चढणीचे, तरी ते सुमारे हजार फुटांनी कमी.

जुलै २०२५ मध्ये विजेमुळे पेटलेल्या वणव्यात उत्तर काठावरचे जुने विश्रामगृह जळून गेले आणि ही वाट बंद करावी लागली. पाण्याचे नळ कधी नादुरुस्त असतात, कधी बंद. त्यामुळे निघण्याआधी ताजी चौकशी करणे हीही एक जमेची नोंदच.

सगळे नीट जमले तर संध्याकाळी ते दोघे उंच सूचिपर्णी झाडांच्या रानात वर येतात. सकाळी थंडी, दुपारी भट्टी, आणि आता पुन्हा थंडी. पाठपिशव्यांतून लोकरी कपडे बाहेर निघतात. युटाची सीमा अजून शंभरावर किलोमीटर दूर असते.