पायडल मारा, पाइंट भरा!

माहीत आहे का? अमेरिकेत सायकल आणि क्राफ्ट बिअर या जोडगोळीचं नाव निघालं की ज्या गावाकडे हमखास बोट दाखवतात, त्या गावात १८९६ साली दारूविक्रीवर बंदी आली होती. ती पूर्णपणे उठली कधी? १९६९ साली! माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सकरांच्या हातात राजरोस ग्लास आला.

आज तिथे पूडर नदीकाठचा सायकल ट्रेल धरा, की पाचदहा मिनिटांच्या अंतरावर दोन मातब्बर ब्रुअऱ्या: ओडेल आणि न्यू बेल्जियम. ओडेल १९८९ मध्ये सुरू झाली ती धान्याच्या एका जुन्या कोठारात. कोठारही साधंसुधं नाही, १९१५ सालचं. धान्याने अखेर आपला मार्ग शोधलाच म्हणायचं!

चला तर मग, हेल्मेट चढवा, टायरमध्ये हवा भरा. आपली सफर सुरू.

रूळ गेले, रंगत आली

पहिला प्रश्न. अमेरिकेत ब्रुअऱ्या नेमक्या सायकल ट्रेलच्या कडेलाच का सापडतात? सायकलवाले जास्त पितात म्हणून? छे हो! याचं श्रेय जातं मोडीत निघालेल्या रेल्वेला.

एकेकाळी कारखाने आणि गोदामं रुळांना खेटून असायची. मग ट्रक आले, रूळ गंजले, गोदामं ओस पडली. रुळांच्या जागी शहरांनी सायकल ट्रेल केले. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे हे ट्रेल आयतेच सपाट मिळाले. गोदामात कोण शिरलं? ब्रुअरीवाले. भाडं स्वस्त, छत उंच (टाक्या उभ्या राहायला नकोत?) आणि फरशी भक्कम. म्हणजे ब्रुअरी आणि सायकल ट्रेल हे एकाच मयत रेल्वेचे दोन वारस. आणि वारस असूनही भांडत नाहीत, हे विशेष.

आणखी एक गंमत. जागा गोदामाची, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरच नाही. म्हणून दारात फूड ट्रक. आत बिअर, बाहेर टाको, मधे सायकलींची रांग!

एक शहर, दोन ‘सर्ली’

रेल्वेची ही वारसाहक्काची गोष्ट डोळ्यांनी बघायची तर मिनियापोलिसला चला. तिथला मिडटाउन ग्रीनवे हा सुमारे ९ किलोमीटरचा ट्रेल चक्क खंदकातून जातो. रस्त्यावरची वर्दळ आणि आगगाडी यांची टक्कर नको, म्हणून १९१२ ते १९१६ या काळात रेल्वे जमिनीखाली उतरवली होती. २००० साली त्याच खंदकात सायकली उतरल्या. आता चौकातली वाहनं डोक्यावरच्या पुलांवरून जातात आणि तुम्ही खालून सुसाट. ना सिग्नल, ना हॉर्न. दोन्ही बाजूंना उतरती हिरवळ, वर एकामागून एक जुने काँक्रीटचे पूल, आणि प्रत्येक पुलाखाली क्षणभर गारेगार सावली. मिनेसोटातली थंडी म्हणजे हाडं गोठवणारी, तरी बर्फ हटवून हा ट्रेल हिवाळ्यातही चालू ठेवतात. रात्री दिवे असतात ते वेगळेच.

आता ऐका खरी मौज. या शहरात ‘सर्ली’ नावाची ब्रुअरी आहे. आणि शहराच्या उपनगरात ‘सर्ली’ नावाची सायकल कंपनीसुद्धा आहे. माहीत आहे का, दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे? काहीही नाही! नाव एक, परिसर एक, पण एक चाकात आणि एक पिंपात.

सायकलवाल्या सर्लीने २००५ मध्ये ‘पग्सली’ बाजारात आणली आणि बर्फावर चालणाऱ्या जाडजूड टायरच्या फॅट बाइकला पहिल्यांदा साध्या दुकानात जागा मिळाली. बिअरवाल्या सर्लीने तर कायदाच बदलून घेतला. २०११ पर्यंत मिनेसोटातल्या ब्रुअरीला आपल्याच आवारात, आपलीच बिअर, पाइंटच्या ग्लासात विकता येत नव्हती. मिठाईवाल्याने मिठाई करावी, पण दुकानात बसून खाऊ देऊ नये, तसला प्रकार. ब्रुअरीचे संस्थापक ओमर अन्सारी यांनी चाहत्यांना हाक दिली, लोकांनी आमदारांच्या मागे भुणभुण लावली आणि मे २०११ मध्ये गव्हर्नर मार्क डेटन यांनी सही ठोकली. लोक आजही त्याला ‘सर्ली बिल’च म्हणतात. अशी ‘बिलं’ आपणही आनंदाने भरू!

त्यानंतर गल्लोगल्ली टॅपरूम उघडल्या. सायकल लावायची, आत जायचं, एक ‘फ्लाइट’ मागवायचं. विमान नव्हे हो! लाकडाची अरुंद पाटी, तिच्यात खाचा आणि खाचांत चार-पाच चिमुकले ग्लास. प्रत्येकात साधारण सव्वाशे मिली. डावीकडून फिकट पिवळी सुरू होते आणि उजवीकडे जाता जाता पार काळी कुळकुळीत. माझं मत विचाराल तर सायकलवाल्याने फ्लाइटवरच थांबावं. पुढे टेकऑफ झाला तर लँडिंग झुडपात.

फॅट टायर, स्लिम सुरुवात

परत फोर्ट कॉलिन्स. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जेफ लेबेश नावाचा इंजिनियर जाड टायरची माउंटन बाइक घेऊन बेल्जियममध्ये भटकला. गावोगावची बिअर चाखली आणि घरी येऊन तळघरात तशीच करायला बसला. १९९१ मध्ये तो आणि त्याची तेव्हाची बायको किम जॉर्डन यांनी न्यू बेल्जियम ब्रुअरी काढली. पहिल्या गाजलेल्या बिअरचं नाव? ‘फॅट टायर’. लेबलवर काय? सायकल!

इथल्या नोकरीची प्रथा माहीत आहे का? एक वर्ष पूर्ण झालं की कंपनीकडून सायकल. पाच वर्षं झाली की बेल्जियमची वारी. (आमच्याकडे दिवाळीला सोनपापडीचा डबा मिळतो, पण ते असो.) ब्रुअरी बघायला गेलात तर टूरच्या शेवटी जिना उतरायची सक्ती नाही. मोठ्या माणसांसाठी चक्क घसरगुंडी आहे.

‘टूर द फॅट’ नावाची जत्रा हे त्यांचंच खूळ. चित्रविचित्र वेश करून हजारोंनी सायकलवरून मिरवायचं आणि एखाद्या बहाद्दराने सर्वांसमोर आपली कार सोडून सायकल स्वीकारायची. कारचा असा सार्वजनिक निरोप समारंभ!

आणि हो, २०१९ मध्ये ही अस्सल अमेरिकी, नावाने बेल्जियन ब्रुअरी विकत कोणी घेतली? जपानी किरीन समूहाने.

झटपट घोट

कोलोरॅडोच्याच ऑस्कर ब्लूज ब्रुअरीने २००२ मध्ये आपली ‘डेल्स पेल एल’ कॅनमध्ये भरली, तेव्हा क्राफ्टवाले नाकं मुरडत होते. कॅन म्हणजे स्वस्तातला माल, असा समज. सायकलवाले मात्र खूश! बाटली फुटते, कॅन फुटत नाही आणि पाठीवर वजनही कमी. पुढे या ब्रुअरीच्या मालकाने सायकल कंपनीही काढली. नाव ‘रीब’. इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा. काय आलं? बिअर!

डेन्व्हरमध्ये एका भूगर्भशास्त्रज्ञाची नोकरी गेली. त्याने १९८८ मध्ये मित्रांसोबत विंकूप नावाचा ब्रूपब उघडला. मग तो डेन्व्हरचा महापौर झाला, मग कोलोरॅडोचा गव्हर्नर, आता सिनेटर. जॉन हिकनलूपर! त्यांच्या महापौरपदाच्या काळातच, २०१० मध्ये, शहरात भाड्याच्या सायकलींची ‘बी-सायकल’ योजना आली. बिअर आणि बाइक, दोन्ही खाती एकाच माणसाच्या खात्यावर.

याच विंकूपने २०१२ च्या एप्रिल फूलला थाप मारली की आम्ही बैलाच्या वृषणांची बिअर काढतोय. लोक हसले. मग म्हणाले, मिळेल कुठे? त्याच वर्षी ब्रुअरीने ती खरोखर बाजारात आणली. ‘रॉकी माउंटन ऑयस्टर स्टाउट’. ऑयस्टर नावालाच बरं का. थाप अंगाशी येते ती अशी!

अटलांटाचा बेल्टलाइन ट्रेल म्हणजे शहराभोवती जुन्या रुळांवरून फिरणारी ३५ किलोमीटरची नियोजित कडी. ही कल्पना कुठल्या मंत्र्याची? मंत्र्याची नव्हे, एका विद्यार्थ्याची. रायन ग्रॅव्हल याने १९९९ मध्ये जॉर्जिया टेकला पदव्युत्तर प्रबंध लिहिला, तोच हा. बहुतेकांचे प्रबंध कपाटात धूळ खातात, याच्या प्रबंधावर लोक सायकल चालवतात.

तिथला बिअरचा कायदा तर ऐकण्यासारखा. २०१५ ते २०१७ या काळात जॉर्जियातल्या ब्रुअरीला ग्लास विकता येत नव्हता, पण ‘टूर’चं तिकीट विकता येत होतं. बिअर टूरवर ‘फुकट’. तिकीट जितकं महाग, तितकी फुकट बिअर चांगली! १ सप्टेंबर २०१७ पासून थेट विक्री सुरू झाली. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, बेल्टलाइनच्या कडेला न्यू रेल्म ही भलीमोठी ब्रुअरी उघडली.

पोर्टलंडच्या हॉपवर्क्सने २०११ मध्ये ‘बाइकबार’ काढला होता. बारच्या वर छताला सायकलच्या फ्रेम टांगलेल्या आणि दारात दोन खिळवलेल्या सायकली. बसा, पायडल मारा, तयार झालेली वीज बारला. त्यांची एक मालवाहू सायकलही होती: पुढे दोन पिंपं आणि छोटा बार काउंटर, मागे पिझ्झा ठेवायचं कपाट, शिवाय गाण्यांची सोय. लग्नाच्या वरातीला याहून काय लागतं?

लेमोनेडची लोणकढी

आता जरा जर्मनी. १९२२ चा जून. म्युनिकजवळच्या डायझेनहोफेन गावी फ्रान्झ क्सावर कुगलर यांची खानावळ. म्युनिकहून तिथपर्यंत जंगलातून सायकल रस्ता. एका शनिवारी म्हणे १३,००० सायकलस्वार धडकले! बिअर संपत आली. कुगलर यांनी पडून असलेलं लेमोनेड निम्म्याला निम्मं मिसळलं आणि वर ऐटीत सांगितलं, ‘ही खास तुमच्यासाठी, घरी जाताना तोल जाऊ नये म्हणून.’ झाला ‘राडलर’चा जन्म. राडलर म्हणजे सायकलवाला.

गोष्ट झकास आहे ना? एकच अडचण. लेना ख्रिस्त या लेखिकेच्या १९१२ च्या आत्मचरित्रात ‘राडलरमास’ आधीच हजर आहे. कुगलर यांच्या दहा वर्षं आधी! म्हणजे मिश्रण जुनं, मार्केटिंग कुगलर यांचं. माझा मात्र त्या १३,००० वरही विश्वास नाही. इतक्या सायकली लावल्या कुठे?

खाली बिअर, वर चाकं

बेल्जियममधलं ब्रूज. जुन्या गावाच्या दगडी गल्ल्यांतून तुम्ही सायकल दामटताय आणि खालून वाहतेय... बिअर! द हाल्वे मान ब्रुअरीने २०१६ मध्ये गावाबाहेरच्या बाटलीभरणीच्या कारखान्यापर्यंत तीनेक किलोमीटरची भूमिगत पाइपलाइन टाकली. अरुंद गल्ल्यांतून टँकर न्यायचा वैताग संपला. पैसे कमी पडले तेव्हा लोकांकडून वर्गणी काढली. मोठी वर्गणी देणाऱ्यांना बक्षीस काय? जन्मभर बिअर.

शेजारच्या नेदरलँड्समध्ये १९९७ मध्ये ‘फिट्सकाफे’ जन्मला. चाकांवरचा बार, भोवती स्टुलं, गिऱ्हाइकांनी पायडल मारायचं आणि प्यायचं. हँडल मात्र न प्यायलेल्या माणसाकडे. २००७ मध्ये हे धूड ‘पेडल पब’ म्हणून मिनियापोलिसला पोचलं. जन्मभूमीत काय झालं? आरडाओरडा, ट्रॅफिक जाम, रहिवासी हैराण. १ नोव्हेंबर २०१७ पासून अॅमस्टरडॅमच्या मध्यवस्तीतून हद्दपार! मला विचाराल तर योग्यच केलं. दहा जण मिळून पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाणार, त्याला सायकलिंग म्हणायचं?

पुण्याचं काय, असं विचारताय ना? सायकलींचं शहर ही ख्याती जुनी. डूलली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये उघडली तीही पुण्यातच. चाक आहे, पिंप आहे. मधला सायकल ट्रॅक तेवढा पार्किंगवाल्यांनी पिऊन टाकलाय.

हवालदार काय म्हणतो?

प्यायल्यावर सायकल चालवली तर? गाव बदललं की उत्तर बदलतं.

मिनेसोटाचा दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा मोटार वाहनांपुरता आहे. कोलोरॅडो आणि ओरेगॉनमध्ये मात्र सायकल हेही वाहनच. तिथे कारवाल्यासारखीच केस उभी राहते.

जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण दर हजारी १.६ झालं की सायकलस्वारही गुन्हेगार ठरतो. मग मानसिक-वैद्यकीय चाचणी. लोक तिला प्रेमाने ‘मूर्खांची परीक्षा’ म्हणतात.

जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून कमालच केली. तर्र होऊन नव्हे, नुसती पिऊन सायकल चालवली तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. आणि सायकलवर निघालेल्याला ज्याने बिअर पाजली, तोही आरोपी!

पण सगळ्यात भारी इंग्लंड. १८७२ च्या लायसन्सिंग अॅक्टनुसार दारूच्या नशेत गाडी, घोडा, गुरंढोरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असणं हा गुन्हा. सायकलचा त्यात उल्लेखच नाही. १९५० च्या सुमारास एक झिंगलेला इसम पकडला गेला. तो सायकल चालवतही नव्हता, नुसती ढकलत नेत होता! प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि १९५१ च्या कायदे-अहवालांत निकाल छापून आला: सायकल हीसुद्धा ‘गाडी’च. महिन्याची कैद कायम. कलम आजही जिवंत आहे, तेव्हा लंडनमध्ये टॅपरूममधून बाहेर पडल्यावर सायकल तिथेच कुलपात ठेवा. आणि पर्याय म्हणून म्हैस हाकत घरी निघायचा बेत असेल, तर तोही रद्द करा.