मुखपृष्ठावरचा घोडा



आपल्या शाळेच्या कपाटातलं सर्वांत जुनं गोष्टीचं पुस्तक काढून पाहा. बहुधा त्याला मुखपृष्ठ नसेल. करड्या पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर चिकटवलेला दाखल क्रमांक, आणि आत उघडलं की थेट गोष्टच सुरू. पुस्तक टिकावं म्हणून गुरुजींनी ते बांधायला दिलं, बाइंडरने रंगीत कव्हर फाडून बाजूला टाकलं आणि पाठीला जाड कापड लावलं. यात दोष कुणाचाच नाही. पोरांच्या पन्नास हातांतून जायचं पुस्तक कव्हरावर किती दिवस तगणार? पण झालं काय, की मजकूर राहिला आणि चित्र गेलं. चित्राबरोबर चित्रकाराचं नावही गेलं, कारण पुष्कळदा ते नाव त्या चित्राच्या कोपऱ्यातच असे, आत कुठेही छापलेलं नसे.

जुनी बालपुस्तकं जमवण्याचा नाद हा श्रीमंतांचा नाद आहे असा आपल्याकडे समज आहे. तसं मुळीच नाही. पैशापेक्षा त्याला डोळा लागतो, आणि तो डोळा खेड्यातल्या शिक्षकालाही कमावता येतो.

विलायतेत या नादाची एक गंमतीची शाखा आहे. तिकडे मुलामुलींसाठी तट्टांच्या गोष्टींची पुस्तकं निघत. एक मुलगी, तिला मिळालेलं एक तट्टू, त्याला शिकवण्याची खटपट आणि शेवटी शर्यत, असा ठरलेला थाट. अ‍ॅना स्यूएल या बाईंनी १८७७ साली 'ब्लॅक ब्यूटी' ही घोड्याने स्वतः सांगितलेली कहाणी लिहिली, ती या पुस्तकांची आजी म्हणायची. पुढे १९२९ साली 'मूरलँड मूझी' आलं, त्यातली चित्रं लायोनेल एडवर्ड्स यांची. १९३६ साली जोआना कॅनन यांचं 'अ पोनी फॉर जीन' आलं, त्याची चित्रं अ‍ॅन बुलेन यांची. ही पुस्तकं जमवणारे जाणकार सही झाकून ठेवली तरी नुसत्या घोड्यावरून चित्रकार सांगतात. घोड्याचे कान, मानेचा बाक, गुडघ्याचा सांधा यांत प्रत्येकाचा हात वेगळा. माणसाचा चेहरा काढताना चित्रकार सावध असतो, घोडा काढताना त्याची सवय बाहेर पडते.

आपल्याकडे तट्टांच्या पुस्तकांची अशी वेगळी जात नाही. पण मुखपृष्ठावर घोडा मात्र जागोजाग आहे. आपला बुलढाणा जिल्हा तर सिंदखेड राजाचा, जिजाऊंच्या माहेरचा. घोड्यावर बसलेले शिवराय इथल्या पोराला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक असतात. नाथमाधवांच्या कादंबऱ्या घ्या, शिवचरित्राची लहान मोठी पुस्तकं घ्या, 'चांदोबा'तले राजपुत्र घ्या, नाहीतर वेताळाचा पांढरा घोडा घ्या. म्हणून मी म्हणतो, डोळा तयार करायला आपणही घोड्यापासूनच सुरुवात करावी.

चित्र हातात आलं की आधी पाय पाहा. चार पायांचं धावतं जनावर काढणं ही चित्रकाराची कठीण परीक्षा. ज्याला ते जमत नाही तो हमखास धूळ उडवतो, गवत वाढवतो, किंवा घोडा छातीपाशीच कापतो. स्वस्त किमतीच्या पुस्तकांवर अशी धूळ फार उडालेली दिसेल. चित्रकाराला दोन दिवसांत चित्र द्यायचं असेल तर त्यानं तरी काय करावं, म्हणा!

आता दोन नावं पक्की लक्षात ठेवा. एक दीनानाथ दलाल, दुसरे रघुवीर मुळगावकर. दोघेही गोमंतकातले, दोघांनीही मुंबईत नाव काढलं. दलालांचा जन्म १९१६ चा, मृत्यू १९७१ चा. मुळगावकर १९१८ ते १९७६. मराठी पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या कव्हरांवर दोन अडीच दशकं या दोघांचं राज्य होतं म्हटलं तरी चालेल. दलालांनी 'दीपावली' हा वार्षिक अंक काढला, मुळगावकरांनी 'रत्नप्रभा'.

दोघांतला फरक सांगायचा तर दलालांकडे आधी रेषा येते, मग रंग. ब्रशाची ठसठशीत, लयदार रेषा, थोडे पण धीट रंग, आणि जुन्या भारतीय लघुचित्रांची आठवण करून देणारी मांडणी. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'राजा शिवछत्रपती' ग्रंथात दलालांची चित्रं आहेत. तो ग्रंथ पुष्कळ वाचनालयांत असतो. एक दुपार त्या चित्रांपुढे घालवली तर पुढे दलाल ओळखायला सही लागणार नाही. मुळगावकरांचं उलट. त्यांच्याकडे रेषा जवळजवळ दिसतच नाही. रंग फवाऱ्यानं मारलेला, एका छटेतून दुसरी छटा अलगद निघालेली, अंगाला तुकतुकी, डोळ्यांत पाणी. देवादिकांच्या चित्रांतून आणि दिनदर्शिकांतून त्यांचा हा हात घरोघर पोचला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, तो झुंजार आणि तो काळा पहाड, वाचणाऱ्यांनी तर मुळगावकरांचं चित्र आधी पाहिलं आणि कथा मागाहून वाचली. माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलांच्या पुस्तकाला दलालांची रेषा अधिक शोभते. मुलाला तिच्यावरून बोट फिरवता येतं. हे मत न पटणारे पुष्कळ भेटतील, आणि त्यांच्याशी वाद घालण्यातही मजा आहे.

'चांदोबा'चं गणित निराळं. मूळ 'चंदामामा' १९४७ च्या जुलैत मद्रासेत तेलुगू आणि तमिळ भाषांत निघाला, मराठी 'चांदोबा' १९५२ साली आला. चित्रं सगळ्या भाषांना तीच, मजकूर तेवढा बदले. त्यामुळे आपल्या मेहकर चिखलीच्या पोरांनी लहानपणी जे राजवाडे पाहिले ते दक्षिणेतले गोपुरांचे राजवाडे, आणि घोड्यांची झूलही तिकडचीच. प्रेत खांद्यावर टाकून, तलवार हातात घेऊन चाललेला विक्रम ज्यांनी काढला ते के. सी. शिवशंकरन, म्हणजेच 'शंकर'. ते १९२४ चे. २०२० साली वारले, तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते. बारीक रेघ, दागिन्याचा मणी न मणी मोजून काढलेला, ही त्यांची खूण. कव्हरांवरची भरघोस रंगांची पुष्कळ चित्रं वड्डादि पापय्या यांची, त्यांना 'वपा' म्हणत. 'चित्रा' या नावाने काढणारे आणखी एक होते. त्यांच्या राक्षसांना आणि जंगलांना तोड नाही. तेव्हा जुना 'चांदोबा' हाती आला आणि सही वाचता आली नाही तर निराश होऊ नका. ती परक्या लिपीतही असू शकते. गावात कुणी तेलुगू जाणणारं असेल तर त्याला दाखवा.

वेताळाच्या चित्रकथा 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून येत. मालिका १९६४ साली इंग्रजीत सुरू झाली, मराठीत दोन वर्षांनी आली आणि १९९० साली बंद पडली. आतली चित्रं परदेशी, पण कव्हरं पुष्कळदा इथेच रंगवलेली. त्यांत बी. गोविंद यांचं नाव जमवणारे आवर्जून घेतात. आतला घोडा आणि बाहेरचा घोडा शेजारी ठेवून पाहा, दोन माणसांचे दोन हात चटकन दिसतात. वर्गात मुलांना हा खेळ जरूर द्यावा.

आता सालाकडे वळू. जुन्या बालपुस्तकांवर साल छापलेलं नसतं, निदान प्रकाशनाची नोंद असलेलं पान फाटलेलं असतं. अशा वेळी किंमत बोलते. 'किंमत सहा आणे' असं असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'नये पैसे' असं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. १९६४ च्या जूनपासून 'नये' हा शब्द सुटला आणि नुसते 'पैसे' राहिले. '३७ नये पैसे' अशी विचित्र किंमत दिसली तर चकित होऊ नका, ते जुने सहा आणेच आहेत, फक्त कपडे बदललेले. प्रकाशकाच्या पत्त्यात 'मुंबई ४' किंवा 'पुणे २' एवढंच असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला.

शुद्धलेखनही मदतीला येतं. 'केलें', 'नाहीं', 'पुस्तकांत' अशी अनुस्वारांची दाटी दिसली तर मजकूर बहुतकरून १९६२ च्या आधी जुळवलेला. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम शासनाने मान्य केले आणि डोक्यावरचे पुष्कळ टिंब उतरले. काही प्रकाशकांनी जुना खिळा पुढेही चालवला, हे ध्यानात असू द्या.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक सोय आहे, ती पुण्यामुंबईच्या जमवणाऱ्याला नाही. आपला जिल्हा थोड्या वर्षांत तीन राज्यांत नांदला. आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून त्याचंच नाव मध्यप्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. शाळेच्या रबरी शिक्क्यावर यांतलं काय आहे ते पाहा. 'जनपद सभा' असेल तर १९६२ च्या आधीचा शिक्का, कारण त्या वर्षीच्या १ मे पासून जिल्हा परिषदा आल्या. अर्थात नवा शिक्का करायला पैसे पडतात, आणि काटकसरी हेडमास्तर जुनाच शिक्का दोन वर्षं आणखी मारत असतील हेही धरून चाला. शिक्का एकटा पुरावा नव्हे. किंमत, पत्ता, शुद्धलेखन आणि शिक्का, यांतल्या दोघातिघांची साक्ष जुळली म्हणजे साल ठरवावं.

हे साल मजकुराच्या आवृत्तीचं असतं, चित्राचं असेलच असं नाही, ही मेख विसरू नका. चालणाऱ्या पुस्तकाला प्रकाशक नव्या आवृत्तीत नवं कव्हर चढवतो, किंवा जुन्याच ब्लॉकवर वेगळा रंग मारतो. म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर 'आहे माझ्याकडे' म्हणून एक सोडू नका.

भिंग असेल तर कव्हरावर धरा. प्रयोगशाळेच्या कपाटात ते असतंच. रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसला तर रंगीत चित्रावरून जाळीचा ब्लॉक करून किंवा ऑफसेटवर छापलेलं आहे. ठिपके नसून सपाट रंग आणि वर काळी रेघ असेल तर रेषेचा ब्लॉक. मुलांची स्वस्त पुस्तकं बहुधा अशीच, काळा आणि आणखी एखादा रंग. घोड्याचा तांबडा रंग रेघेबाहेर गेलेला दिसला तर तो चित्रकाराचा दोष नाही. यंत्रावर कागद थोडा सरकला, एवढंच.

सही नसेल आणि हात ओळखीचा वाटला तर वहीत 'दलालांचं' असं लिहू नये, 'दलालांच्या वळणाचं' असं लिहावं. थोरांची नक्कल करणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि त्यांतले काही खरोखर चांगले होते. त्यांना स्वतःचं नाव कधीच मिळालं नाही. कुणी सांगावं, एखाद्या पुस्तकाच्या आत 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे बारीक अक्षरात ते नाव सापडेलही. ते सापडलं तर दलालांची सही सापडल्यापेक्षा मोठं काम झालं असं समजा.

पुस्तकं मिळवायची कुठं, हा प्रश्न येईलच. खामगाव, मलकापूर, शेगावकडच्या रद्दीच्या दुकानांत दिवाळीच्या साफसफाईनंतर चक्कर टाका. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात मासिकं निघतात. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक मात्र निर्लेखनाची नोंद असल्याशिवाय घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. गुरुजींना विनंती अशी, की निर्लेखनाची यादी होते तेव्हा ती नुसती क्रमांकांवर करू नये. पुस्तक उघडून पाहावं, आणि कव्हर शिल्लक असेल तर मोबाईलवर त्याचा सरळ, उजेडातला फोटो घेऊन मगच पुढचं ठरवावं. 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून पाठ्यपुस्तक मंडळ काढतं. त्याचे जुने अंक मंडळाने सर्वांना विनामूल्य पाहायला ठेवले आहेत. ज्यांच्याजवळ एकही जुना कागद नाही त्यांनी डोळ्याची तालीम तिथून सुरू करावी.

फाटलेल्या कव्हराला चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि रंग घेऊनच निघते. मैद्याची पातळ खळ आणि मागून पातळ कागद, एवढं पुरे. प्लॅस्टिकचं अस्तर चढवून आणू नका, आपल्या उन्हाळ्यात ते आतला कागद उबवतं. कसर आणि वाळवीसाठी पुस्तकं भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्या. पुस्तक बांधायला द्याल तेव्हा बाइंडरला तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठीच लावून द्या: 'मुखपृष्ठ काढू नये, आत घालून शिवावे.' तो कुरकुरेल, चार पैसे जास्त मागेल. ते द्यावेत.