यमाईच्या वाटेवरचं संग्रहालय

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला पोचलं की गावाच्या पाठीशी मूळपीठाचा डोंगर उभा दिसतो. वर यमाईचं देऊळ आहे. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता, त्यामुळे माणसांचा राबता बारमाही. खटाव तालुक्याच्या या तुटपुंज्या पावसाच्या मुलखात औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारलं, ते याच डोंगराच्या वाटेवर. राजा रवी वर्मा यांची अस्सल चित्रं, हेन्री मूर यांचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प, मोगल, राजपूत आणि पहाडी शैलींतली लघुचित्रं, हस्तिदंत आणि चंदनावरचं कोरीव काम, असा ऐवज एखाद्या महानगरात असता तर तिथल्या लोकांनी त्याचा केवढा अभिमान मिरवला असता. तो एका खेड्यात आहे आणि नवसाची ओटी भरून डोंगर उतरणाऱ्या बाया-बापड्या तो पाहतात. भारतातल्या संग्रहालयांत औंधचं स्थान मी फार वरचं मानतो, आणि त्याचं पहिलं कारण संग्रह नव्हे, हा प्रेक्षक आहे.

संग्रहालय लोकांपर्यंत कसं न्यावं, कोणीही उपरं ठरू नये म्हणून काय करावं, हा आज जगभरच्या संग्रहालयांपुढचा मोठा प्रश्न आहे. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग शहरात संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. सर्वांना खुलं, सर्वांना पोचता येईल असं, सर्वसमावेशक, आणि समाजाच्या सहभागानं चालणारं ते संग्रहालय, असा तिचा आशय. या कामासाठी मोठ्या संग्रहालयांत आता स्वतंत्र माणसं असतात. औंधला या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी बाळासाहेबांकडेच पाहावं लागतं.

बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते; त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून निघालं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैसा दिला आणि तिच्यासाठी चित्रंही काढली. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी हयातभर केला. आणि ते कीर्तन करत. राजा स्वतः उभा राहून कीर्तन करतो, ही गोष्ट मला संग्रहालयाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची वाटते. समोर पंडित बसलेला असतो आणि शेजारीच अक्षरओळख नसलेली म्हातारी बसलेली असते. दोघांनाही धरून ठेवायचं, हे कीर्तनकाराचं रोजचं काम. पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, उत्तररंगात आख्यान लावायचं, कंटाळा दिसला की अभंग घ्यायचा. चित्र दाखवून गोष्ट सांगणं हेही आपल्याकडे नवं नाही; कोकणात पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान् पिढ्या तेच करत आले.

अशा माणसानं संग्रहालय काढलं, तेव्हा त्यात काय ठेवलं? अस्सल कलाकृती तर ठेवल्याच, पण युरोपातल्या नामवंत चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या नकला, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला, हेही आवर्जून ठेवलं. शहरातून आलेला जाणकार या नकलांपुढून भराभर निघून जातो आणि मूर यांच्या शिल्पापाशी जाऊन उभा राहतो. माझ्या मते तो मोठी गोष्ट चुकवतो. इथे ज्यांचं येणं व्हायचं होतं, त्यांच्यातलं कोण फ्लॉरेन्सला किंवा पॅरिसला जाणार होतं? अजिंठासुद्धा त्या काळी औंधच्या शेतकऱ्याला काशीइतकाच लांब. माणूस तिथवर जाऊ शकत नसेल तर चित्र त्याच्या वाटेवर आणून ठेवावं, एवढा सरळ विचार त्या नकलांतून दिसतो. म्हणून नकलांची ही दालनंच मला या संग्रहालयाचं हृदय वाटतात.

याच सुमारास औंधात दुसरी, त्याहून धाडसी गोष्ट घडत होती. औंध संस्थान नकाशावर सलग नव्हतं. बहात्तर गावं, आणि तीही विखुरलेली: औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ विजापूरकडे. १९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी राज्यकारभार रयतेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत होती. गावोगाव पाच जणांच्या पंचायती निवडल्या गेल्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला बिनभिंतींचा तुरुंग सुरू झाला, पुढे ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच कल्पनेतून उभा राहिला. त्याआधी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगराच्या कारखान्यासाठी कुंडलजवळ जमीन आणि कर्ज मिळालं तेही याच राजाकडून. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगतांना संस्थानाच्या हद्दीत आसरा मिळाला.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की या संग्रहालयाचे वारसदार एकट्या औंध गावातले नाहीत. आटपाडीचा मेंढपाळ, कुंडलचा ऊसकरी, किर्लोस्करवाडीचा कामगार या सगळ्यांच्या घरी औंध संस्थानाच्या आठवणी आहेत. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि गावं वेगवेगळ्या जिल्ह्यांत वाटली गेली. आज संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. लोकसहभाग म्हणजे या विखुरलेल्या गावांशी पुन्हा नातं जोडणं, असा अर्थ मी औंधपुरता घेतो.

ते काम रोजच्या पातळीवर कसं असतं? ते बरंचसं दालनाच्या बाहेर होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं, सहल येण्याआधी मुलांना दोन चित्रांच्या गोष्टी सांगायच्या, म्हणजे आल्यावर ती धावत सुटत नाहीत, ओळखीचं चित्र शोधतात. चित्राखालची पाटी अशी लिहायची की पाचवीतली मुलगी ती आपल्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवेल. चित्रकाराचं नाव, साल आणि माध्यम एवढ्यावर भागत नाही. यमाईला कर्नाटकातून माणसं येतात, तर पाटी कन्नडमध्येही हवी. पौषातल्या यात्रेच्या गर्दीत लांबलचक व्याख्यान उपयोगाचं नाही, तिथे पाच मिनिटांत एक चित्र रंगवून सांगणारा माणूस लागतो. वर चढताना धाप लागलेल्या म्हातारीला आधी टेकायला बाक हवा आणि प्यायला पाणी हवं. समावेशकता हा जड शब्द अशा बाकापासून सुरू होतो.

दिव्यांगांचा प्रश्न तर कायद्यानंच पुढे आणला आहे. २०१६ च्या कायद्यानं एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा दिव्यांगांचा हक्कही त्यात नोंदला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ साली ‘अनुभव’ नावाचं दालन काढलं, त्यात अंध प्रेक्षक प्रतिकृतींना हात लावून शिल्पं पाहतात. इथे औंधच्या नकलांची परंपरा थेट कामी येते. मूर यांच्या आई-मुलाची एक प्रतिकृती हातानं चाचपायला ठेवली तर बाळासाहेबांच्या विचाराचंच ते पुढचं पाऊल ठरेल. चालत येऊ न शकणाऱ्यांसाठी उलटी वाटही आहे: मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून प्रदर्शन घेऊन गावांत जाते. आटपाडी आणि कुंडलला औंधची अशी गाडी गेली पाहिजे.

लोकांशी नातं नसलं की संग्रहाचं काय होतं, याचा दाखला साताऱ्यातच आहे. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी आयुष्य वेचून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रह उभा केला. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो नीट सांभाळला गेला, अभ्यासकांची सोयही झाली. पण साताऱ्याच्या शाळकरी मुलाच्या डोळ्यांसमोरून तो गेला तो गेलाच. औंधचा संग्रह मात्र जागेवर राहिला.

याच साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात १९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं प्रदर्शनात आली आणि लोकांनी रांगा लावल्या. ती वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती, असं ते म्युझियम सांगतं. शिवाजी महाराजांनी अफझलखानावर वापरली तीच ही, याची खात्री करता आलेली नाही, असंही सांगतं. हे दोन्ही रांगेतल्या माणसाला स्पष्ट सांगावं, असं माझं मत आहे. त्याच्या श्रद्धेला त्यानं धक्का लागत नाही, आणि आपल्याला काही लपवून दाखवलं नाही हा विश्वास वाढतो. लोकांना सामावून घ्यायचं तर शंकेतही सामील करून घ्यावं लागतं.

रांगा वाघनखांसाठी लागल्या, त्या एरवी लागत नाहीत. म्हणून शासनाकडे मागणी एवढीच: औंधला आणि साताऱ्याला लोकांमध्ये हिंडून काम करणारी, पगारी आणि शिकवून तयार केलेली माणसं नेमा, आणि ती याच पंचक्रोशीतली, शक्यतो कीर्तनाचा किंवा शाळेत शिकवण्याचा अनुभव असलेली घ्या. आणि आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडीच्या वाचकांना विनंती: घरात औंध संस्थानाच्या पंचायतीचा एखादा कागद, शाळेचा दाखला किंवा जुना फोटो असेल तर तो रद्दीत घालू नका, औंधला जाऊन दाखवा. जाताना घरातल्या मुलांना बरोबर न्या.