फुटलेल्या बॉयलरची साक्ष

बॉयलर फुटला की पहिला संशय फायरमनवर. त्याने पाणी कमी होऊ दिलं असेल, सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवला असेल! एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी सॉ मिलमध्ये असं घडतही असे. शिवाय गढूळ पाण्याचा गाळ तळाशी साचून पत्रा जळायचा. पण फायरमन बहुधा स्फोटातच गेलेला. त्याची बाजू कोण मांडणार?

म्हणून मला ब्रॉकटनची हकिकत मोलाची वाटते. मॅसेच्युसेट्समधल्या या गावी २० मार्च १९०५ रोजी ग्रोव्हर बूट कारखान्याचा जुना बॉयलर फुटला. ५८ माणसं गेली, बॉयलर सांभाळणाराही. दोष निघाला सांध्यात. पत्र्याच्या कडा एकमेकींवर चढवून रिव्हेट मारले, की पिंप पुरतं गोल राहत नाही. दाब चढता-उतरता सांधा वाकतो आणि चीर पडते ती वरच्या पत्र्याखाली, तपासनिसाच्या नजरेआड. पुढे ती फाटली, की कोंडलेलं अतितप्त पाणी उसळून वाफ होतं. वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. भिंती कशा टिकाव्यात?

मॅसेच्युसेट्सने १९०७ साली बॉयलरचा कायदा केला. पुढे मोठ्या बॉयलरना कडेला कड भिडवून वर पट्ट्या मारणं सक्तीचं झालं.