वसंतातले बेंगळूर आणि कुटुंबाचा रविवार

बी. कॉम., द्वितीय वर्ष

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच आपण शिकतो की वस्तूंचे दोन प्रकार असतात. हवा, सूर्यप्रकाश यांसारख्या विनामूल्य वस्तू, आणि ज्यांना किंमत मोजावी लागते अशा आर्थिक वस्तू. परीक्षेपुरते हे विधान बरोबर आहे. पण आजच्या मोठ्या शहरात राहणाऱ्या माणसाला विचारले तर तो सांगेल की सावली, मोकळी जागा आणि मुलांना धावता येईल एवढी हिरवळ या वस्तू आता पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत सरकू लागल्या आहेत. मध्यमवर्गीय किंवा कामगार कुटुंबाला रविवारी मुलाबाळांना घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. खरे पाहता तो जमाखर्चाचाही आहे आणि नागरिकशास्त्राचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी बेंगळूर शहर निवडले आहे. त्याचे कारण सरळ आहे. आपल्यापैकी अनेकांचे काका, मामा, थोरले भाऊ तेथे नोकरीला आहेत, आणि पदवी हातात पडल्यावर आपल्यापैकीही बरेच जण बेळगावहून रात्रीच्या गाडीने तिकडेच जाणार आहेत. शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ते शहर जसे दिसते, तसे वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही काळात दिसत नाही.

रस्त्यावरचा वसंत

बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे मार्चमध्येही तेथील सकाळ सुखद असते, दुपार मात्र तापते. आपल्याकडे वसंत म्हटला की पळस, पांगारा आणि काटेसावर आठवतात. बेंगळूरला वसंत येतो तो मुख्यतः परदेशी झाडांच्या अंगावर. प्रथम गुलाबी तबेबुया, मग पिवळा तबेबुया, त्याच सुमारास जांभळ्या निळ्या फुलांचा नीलमोहर, पाडव्याच्या आसपास करंजाची कोवळी पोपटी पालवी, आणि एप्रिल लागला की पीतमोहर व गुलमोहर. करंजाला कानडीत होंगे म्हणतात. एक झाड ओसरले की दुसरे फुलते, आणि रस्ता असा रिकामा म्हणून राहत नाही.

हे आपोआप झालेले नाही. गुस्ताव क्रुम्बिगेल नावाचे एक जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले ते प्रथम बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या चाकरीत. पुढे १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना बेंगळूरला आणले. कोणत्या महिन्यात कोणते झाड फुलते याचा हिशेब करून, वर्षभर शहरात कुठे ना कुठे फुले दिसावीत अशा रीतीने त्यांनी झाडांची निवड केली. बडोद्यात मुरलेल्या मराठी वाचकाला हा दुवा नक्कीच आवडेल. पुढे १९८० च्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वन अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे १५ लाख झाडे लावली गेली. नेगिनहाळ हे आडनाव आपल्याला परके नाही. त्या नावाचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. आज ज्या गुलाबी फुलांची छायाचित्रे सगळीकडे फिरतात, त्यांतील बरीच झाडे त्या काळातील आहेत. म्हणजे आजच्या रविवारची करमणूक कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी गुंतवून ठेवली होती. मुदत ठेवीचे याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही.

कुठे जावे?

पहिले नाव अर्थातच लालबागेचे. हैदर अलीने १७६० मध्ये ही बाग सुरू केली आणि टिपूने ती वाढवली. आज तिचा विस्तार सुमारे २४० एकर आहे. तेथील काचगृहाची पायाभरणी १८८९ ची असून त्याची कल्पना लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून घेतलेली आहे. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शन भरते व अफाट गर्दी होते. म्हणून कुटुंबाने जायचे तर मार्चमधला साधा रविवार उत्तम. मुलांना सर्वात आवडतो तो तेथील खडक. तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर केंपेगौडाच्या नावाचा एक छोटा मनोरा आहे आणि वर चढले की शहर चहूबाजूंनी दिसते. शाळेत भूगोलाचे पुस्तक पाठ करणाऱ्या मुलाला एवढ्या जुन्या दगडावर बसता येते, ही काही लहान गोष्ट नव्हे. लालबागेला प्रवेशशुल्क आहे, परंतु सकाळी लवकर फिरायला येणाऱ्यांना ते द्यावे लागत नाही. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर लालबाग याच नावाचे स्थानक आहे.

फाटकाजवळच मावळ्ळी टिफिन रूम्स हे १९२४ पासूनचे उपाहारगृह आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा आपण रव्याची इडली करून पाहिली, असे ते सांगतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ती खाताना 'पर्यायी वस्तू' हा धडा आठवावा! रविवारी मात्र तेथे बराच वेळ ताटकळावे लागते. लहान मुले भुकेली असतील तर आसपासच्या साध्या दर्शिनीत उभ्याने खाल्लेले बरे. दर्शिनी म्हणजे उभे राहून खाण्याचे स्वस्त उपाहारगृह.

दुसरे ठिकाण कब्बन पार्क. म्हैसूरचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांच्या काळात, १८७० मध्ये, हे उद्यान तयार झाले. येथे प्रवेशशुल्क नाही. रविवारी आतील रस्त्यांवर वाहनांना बंदी असते, त्यामुळे मुलांना सायकल, चेंडू, पळापळ यांना मोकळीक मिळते. भर शहरात, गाडी येईल ही भीती न बाळगता आईने मुलाचा हात सोडावा अशी जागा आज किती उरली आहे? लाल रंगाची राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत १९१५ ची आहे. शनिवारी सकाळी येथे झाडाखाली सतरंज्या टाकून लोक गुपचूप वाचत बसलेले दिसतात. 'कब्बन रीड्स' नावाचा हा उपक्रम २०२२ च्या अखेरीस सुरू झाला व पाहता पाहता इतर शहरांतही पोहोचला. त्याला वर्गणी नाही की भाषण नाही. आपले पुस्तक आणायचे आणि वाचायचे, कानडी असो, मराठी असो, इंग्रजी असो.

दुपारी ऊन चढले की बागेला लागूनच कस्तुरबा रस्त्यावर विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय आहे. कळ दाबली की यंत्र चालते, दांडा फिरवला की दिवा लागतो, असा तेथील प्रकार असल्यामुळे 'हात लावू नका' ही पाटी ऐकून कंटाळलेली मुले खूष होतात. राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृतीही तेथे आहे. ज्यांच्या नावाने हे संग्रहालय आहे ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रथम १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसले. जवळच १९८९ पासूनचे नेहरू तारांगण आहे. तेथील खेळ कानडी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होतात.

तिसरा दिवस जुन्या शहरासाठी ठेवावा. मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वर मंदिर मराठी माणसाने पाहावे असे आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे आले, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवळाला जमीन दिल्याचा १६६९ चा शिलालेख येथे आहे. देवळातून बाहेर पडले की फुले, केळीची पाने आणि फळांचा बाजार. चैत्र पाडव्याला तेथे युगादी असते, आणि कडुनिंब व गूळ आपल्याप्रमाणेच तेही खातात. रामनवमीला ठिकठिकाणी मांडव घालून पानक, म्हणजे गुळाचे थंड पेय, आणि कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतात. त्याच सुमारास चामराजपेठेतील रामसेवा मंडळीचा संगीतोत्सव सुरू होतो. तो १९३९ पासून चालू आहे. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय देवस्थानातून द्रौपदीचा करग निघतो आणि वाटेत मस्तानसाहेबांच्या दर्ग्याशी थांबून पुढे जातो. करग रात्री उशिरा निघत असल्यामुळे अगदी लहान मुलांना नेण्याचा आग्रह धरू नये.

बन्नेरघट्टा हे चौथे नाव. तेथे प्राणिसंग्रहालय आहे, सफारी आहे, फुलपाखरांचे उद्यान आहे. पण ते शहरापासून सुमारे २२ किलोमीटरवर आहे, सफारीचे तिकीट पाच माणसांना जड जाते, आणि रविवारी रांगेतच निम्मा दिवस जातो. वर्षातून एकदा, तेही शक्यतो शनिवारी, एवढे पुरे.

हिशेब

अशा दिवसाच्या खर्चाचे चार भाग पडतात: प्रवास, प्रवेश, खाणे आणि मुलांचा हट्ट. पैकी प्रवासाचे गणित अलीकडे बरेच बदलले. २०२५ च्या फेब्रुवारीत मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले. लांबच्या उपनगरातून येणाऱ्या कुटुंबाला जाऊन येऊन ही रक्कम लागते, तीही प्रत्येक माणसामागे. उलट ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला आहे. ओळखपत्र तेवढे जवळ हवे. म्हणजे ज्या घरात आजी, आई आणि दोन मुली आहेत, तेथे बसने गेल्यास केवळ वडिलांचे तिकीट काढावे लागते. वेळ अधिक लागतो हे खरे, परंतु रविवारी वेळ हेच तर भांडवल असते.

आमच्या काकूंना वहीत जमाखर्च लिहिण्याची सवय आहे. त्यांच्या वहीत पाच माणसांचा लालबागेचा रविवार पाचशे रुपयांच्या आत बसला होता. तेवढ्याच माणसांचा मॉलमधला रविवार त्याच्या चौपट झाला, आणि घरी आल्यावर धाकट्याने विचारले, "आपण आज काय पाहिले?" प्रा. मार्शल यांनी सांगितलेले उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणजे काय, ते मला वर्गात अर्धवट समजले होते. काकूंच्या वहीने ते पूर्ण समजावले. जेवढे द्यायची तयारी असते त्यापेक्षा कमी देऊन जे समाधान मिळते, ते हेच.

मॉलमध्ये जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. एप्रिलच्या दुपारी गारवा, स्वच्छ शौचालय आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा या सोयी तेथे असतात, आणि आपल्या बागांनी त्या त्यांच्याकडून शिकाव्यात. आजीचे गुडघे दुखत असतील तर कोणती बाग सुंदर आहे यापेक्षा बाक किती अंतरावर आहे हे आधी पाहावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रविवार सगळ्यांचा सारखा नसतो. दुकानातला नोकर, पहारेकरी, बसचा वाहक यांचा रविवार कामात जातो. आणि घरातल्या बाईचा? सहलीचा डबा ती पहाटे चारला उठून करते, परत आल्यावर भांडी तीच घासते, आणि बाकी सर्वांनी मात्र विश्रांती घेतलेली असते. वैकल्पिक खर्च म्हणतात तो हा. पण तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. चित्रान्नासारखा एकच सोपा पदार्थ आदल्या रात्री सर्वांनी मिळून करावा, किंवा त्या दिवशी दर्शिनीत खावे. शिवाय कचऱ्यामुळे बागांत खाण्यापिण्यावर निर्बंध आले आहेत, तेव्हा फाटकावरचा फलक वाचून मगच डबा उघडावा.

झाडाची किंमत

२०१६ मध्ये बेंगळूरला बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याचे ठरले. त्यासाठी ८१२ झाडे जाणार होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हजारो नागरिक, त्यांत मुलाबाळांसह आलेली कुटुंबेही, रस्त्याच्या कडेला हातात हात घालून उभे राहिले. २०१७ च्या मार्चमध्ये शासनाने तो बेत रद्द केला. पुलामुळे किती मिनिटे वाचतील याचा हिशेब मांडणे सोपे होते. ८१२ झाडांच्या सावलीची किंमत कोणत्याही ताळेबंदात नव्हती. ती लोकांनी स्वतः उभे राहून दाखवून दिली. प्रत्येक वेळी असे होत नाही. बहुतेक वेळा झाड जाते आणि आपल्याला ते पुढल्या उन्हाळ्यात कळते.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगावचेही नाव आले. तेव्हापासून आपल्याकडेही रस्ते रुंद होत आहेत. रस्ते हवेतच. पण ज्याच्याकडे पैसे आहेत तो सावली विकत घेऊ शकतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला ती रस्त्यावर आणि बागेतच मिळाली पाहिजे. म्हणून बाग ही श्रीमंतांची हौस नसून गरिबांची गरज आहे, असे मला वाटते.

येत्या सुटीत बेंगळूरला नातेवाइकांकडे जाणे झाले तर घरच्या सर्वांना घेऊन एक सकाळ झाडांखाली अवश्य घालवावी. आणि ज्यांचे जाणे होणार नाही त्यांनी जूनमध्ये आपल्याच गल्लीत करंजाचे एक रोप लावावे. पाडव्याला त्याला पोपटी पालवी फुटते, आणि त्याच्या सावलीला तिकीट लागत नाही.