रोजचे वीस रुपये आणि पक्कं घर

हेडफोन लावलेत? मग आधी एक छोटासा हिशेब करू. तुम्हाला घरासाठी 30 हजार रुपये भरायचेत. पगाराची स्लिप नाही, त्यामुळे बँक दारात उभं करत नाही. रोज वीस रुपये बाजूला टाकले तर किती दिवस लागतील? 1500 दिवस. म्हणजे चार वर्षांहून जास्त!

म्हणूनच गरिबांच्या घराची गोष्ट विटा-सिमेंटपासून सुरू होत नाही. ती बचतीपासून सुरू होते. कशी, ते आज बघूया.

चला, 1985 च्या मुंबईत. भायखळ्याच्या फुटपाथवर झोपड्या होत्या. त्या कधीही तुटायच्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तोच प्रसिद्ध ओल्गा टेलिस खटला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. ऐकायला भारी वाटतं ना? पण त्याच निकालाने नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायला मोकळीकही दिली.

मग या बायकांनी काय केलं? ‘स्पार्क’ नावाची संस्था 1984 मध्ये सुरू झाली होती. तिच्यासोबत त्यांनी फुटपाथवरच्या कुटुंबांची गणती केली. कारण साधं होतं. सरकारी कागदावर तुम्ही नसाल, तर घराच्या यादीत कुठून येणार? पुढे या बायकांचं ‘महिला मिलन’ उभं राहिलं. जोकिन अर्पुथम यांचं झोपडपट्टीवासीयांचं राष्ट्रीय फेडरेशनही सोबत आलं. जोकिन स्वतः झोपडपट्टीत राहिलेले. त्यांना 2000 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता मुद्द्याचं. या पद्धतीत नेमकं होतं काय?

पहिलं, बचत. वस्तीतलीच एक बाई दारोदार फिरून पैसे गोळा करते. सुरुवातीला अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रंगीत कागदाच्या तुकड्यांनी हिशेब ठेवला जायचा. पैसे तर जमतातच, पण रोज दारात गेल्याने कोण आजारी आहे, कुणाचं काम सुटलंय, हेही कळतं. अडीअडचणीला कर्ज कुणाला द्यायचं ते त्यावरूनच ठरतं.

दुसरं, नकाशा. कागदावरचा प्लॅन सगळ्यांना समजतोच असं नाही. मग बांबू-लाकडं उभी करायची, साड्या-कापड बांधायचं आणि खऱ्या मापाचं घर तयार करायचं. बायका आत फिरून बघतात: चूल कुठे, भांडी कुठे, पोरं झोपणार कुठे? यातूनच 14 फूट उंच खोलीत माळा काढायची कल्पना पुढे आली. जागा तेवढीच, पण झोपायला वरचा मजला मिळाला.

तिसरं, घर तिथेच. पुण्यातल्या येरवड्याचं उदाहरण घ्या. केंद्राच्या शहरी गरिबांसाठीच्या योजनेतून कच्च्या घरांच्या जागीच साधारण 270 चौरस फुटांची पक्की घरं बांधली गेली. एका घराचा खर्च तीन लाख धरला होता. त्यातले 10 टक्के कुटुंबाने द्यायचे, बाकी अनुदान. आला ना सुरुवातीचा 30 हजारांचा आकडा? महिला मिलनच्या बायका शेजाऱ्यांशी बोलून कोणाचं घर कसं बसेल ते ठरवायच्या. जागा कमी पडली, तर घर वर चढवायचं.

यात फायदा कोणता? धुणंभांड्याचं काम चार गल्ल्या सोडून असतं. शहराच्या टोकाला फुकट घर मिळालं आणि रोजचा प्रवास वाढला, तर ते फुकट राहत नाही. कामच सुटतं.

अडचणी नाहीत का? आहेत की! गल्ल्या अरुंदच राहतात. बांधकाम चालू असताना दुसरीकडे राहायचा खर्च येतो. एक शेजारी अडून बसला तर चार घरं थांबतात. आणि जमीन कुणाच्या नावावर, हा प्रश्न बचतीने सुटत नाही. तिथे सरकारच लागतं.

पण एक फरक पडतो. अधिकाऱ्यासमोर एकटी बाई अर्ज घेऊन उभी राहिली, की ‘उद्या या’ ऐकते. वस्तीची यादी, मापं आणि पासबुकं घेऊन पन्नास जणी गेल्या, की बोलणी सुरू होतात.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी राहतात कुठे, यायला किती वेळ लागतो, कधी विचारलंय? आज विचारा. भेटूच पुढच्या भागात!