‘नाही’ या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा?

पीएचडीचा विषय सांगितला की मला हमखास विचारलं जातं, “पोरांना प्रेम कसं करावं हे शिकवणार का?” नाही. किशोरवयीन मुलामुलींना निरोगी नात्याबद्दल शिकवलं, तर त्यांच्यातला छळ खरंच कमी होतो का, एवढंच मी तपासतेय. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल, तर माझी एक चूक तुमच्या उपयोगी पडेल.

चाकणजवळच्या एका आयटीआयमध्ये प्रश्नावलीची पहिली चाचणी घेतली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलं १६-१७ वर्षांची. प्रश्न होता, ‘प्रेमसंबंधात तुमच्यावर कधी हिंसा झाली आहे का?’ जवळपास सगळ्यांनी ‘नाही’वर खूण केली. कागद गोळा करताना एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, “मॅडम, तो मारत नाही. फक्त रोज फोन चेक करतो. लोकेशन नाही पाठवलं तर दोन दिवस बोलत नाही. याला काय म्हणायचं?”

तिच्याही कागदावर ‘नाही’च होतं.

प्रश्न कुठे चुकला?

‘हिंसा’ हा माझा शब्द होता, तिचा नव्हता. इथल्या अनेक घरांत खोली एकच असते, आई-वडील दोघंही शिफ्टला. मुलांची खासगी जागा म्हणजे मोबाईल. मग नियंत्रणही तिथूनच सुरू होतं: पासवर्ड, लोकेशन, ‘ऑनलाइन होतीस, मग रिप्लाय का नाही?’ तिला हे सगळं ‘काळजी’ वाटत होतं.

म्हणून या क्षेत्रात नाव न घेता कृती विचारतात. मरे स्ट्रॉस यांची १९७९ची मोजपट्टी याच तत्त्वावर आहे: ‘हिंसा झाली का’ असं न विचारता ‘ढकललं का, किती वेळा’ असं विचारायचं. मी एका प्रश्नाचे अकरा केले. तेच वर्ग, तीच मुलं, पण चित्र पार बदललं.

शिकवल्यावर आकडा वाढला तर?

आता खरी गंमत बघा. आपण वर्गात शिकवलं की फोन तपासणं हा छळ असू शकतो. सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तर ‘हो’ म्हणणारे वाढू शकतात. छळ वाढला की ओळखता यायला लागला? नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणूनच न शिकवलेला गट लागतो, आणि कृतीचे प्रश्न आधी-नंतर अगदी तेच ठेवावे लागतात.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण मुंबईचं आहे. २००८ मध्ये आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीसाठी ‘जेम्स’ हा स्त्री-पुरुष समतेचा कार्यक्रम सुरू केला. शाळांचे तीन गट केले: एकात वर्गातले उपक्रम आणि शाळाभर मोहीम, दुसऱ्यात फक्त मोहीम, तिसऱ्यात काहीच नाही. मुलांची मतं स्पष्टपणे बदलली. हिंसक वागण्याचे निष्कर्ष मात्र संमिश्र होते. मत आणि वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात दोन्हींना एकाच वाक्यात ‘सुधारणा’ म्हणू नका.

आणि कधी मोजता, यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या १४ शाळांत व्हँजी फोशी यांनी ‘सेफ डेट्स’ राबवलं: दहा तासिका, एक नाटक, एक पोस्टर स्पर्धा. महिन्याभराने वागणुकीत फरक दिसला, वर्षाने तो पुसट झाला, चार वर्षांनी मात्र पुन्हा दिसला. वर्षालाच थांबले असते तर ‘उपयोग नाही’ असं लिहून मोकळे झाले असते.

८०० मुलं म्हणजे ८०० नव्हेत

एम.एस्सी. संख्याशास्त्राला असताना सूत्र पाठ होतं, अर्थ इथे कळला. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखा विचार करतात. म्हणून नमुन्याला १ + (म − १) × र ने भागायचं. ‘म’ म्हणजे वर्गातली मुलं, ‘र’ म्हणजे त्यांच्यातलं साम्य. समजा म ४० आणि र ०.०५. उत्तर २.९५. म्हणजे २० वर्गांतली ८०० मुलं प्रत्यक्षात साधारण २७१ जणांइतकीच माहिती देतात. नमुना ठरवताना हे आधीच धरा, नंतर रडू नका.

आणि ती मुलगी?

आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ वयोगटात पालकांची संमती हवी आणि मुलांची स्वतःची लेखी सहमतीही. पण पालकांच्या फॉर्मवर ‘तुमच्या मुलीचे प्रेमसंबंध’ असं छापलं, तर कदाचित तिची आयटीआयच बंद होईल. फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नाही, पण अभ्यास सगळ्या वर्गाचा आहे आणि कुणा एकीवर संशय नाही, हे पहिल्याच ओळीत लिहायचं.

दुसरी अडचण कायद्याची. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर कळवणं बंधनकारक आहे, संशोधकालाही. त्यामुळे ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन देऊ नका. काय गुप्त राहील आणि काय कळवावं लागेल, हे प्रश्नावली हातात देण्याआधी सांगा. समुपदेशक आधी ठरवून ठेवा. १०९८ हा नंबर मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाच्या हातात द्या; फक्त जी बोलली तिलाच दिला, तर सगळ्या वर्गाला कळतं.

त्या दिवशी माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तिला म्हटलं, “उद्या बोलू.” दुसऱ्या दिवशी ती आली नव्हती. चार दिवसांनी भेटली, बोललो, संस्थेतल्या समुपदेशक मॅडमशी तिची गाठ घालून दिली. पण ते चार दिवस मी विसरलेले नाही.

तुमच्या प्रश्नावलीतला कोणता शब्द फक्त तुमचा आहे, उत्तर देणाऱ्याचा नाही? आज एकदा शोधून बघा.